अंधूक पडद्याची दुरुस्ती : तळेगाव (श्यामजी पंत) आणि महामार्गावरचा एक धंदा

संगणकाचा पडदा अंधूक होतो तेव्हा बहुतेक वेळा चित्र शाबूत असते, त्यामागचा उजेड गेलेला असतो. चित्र गेले की उजेड गेला, हे आधी ठरवणे म्हणजे या दुरुस्तीचे निम्मे काम. टीव्हीच्या काळापासून आजवर पडद्यांच्या तीन पिढ्या झाल्या. काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये चित्र आणि उजेड एकाच जागी तयार होत. एलसीडी आला तेव्हा चित्र पुढच्या पॅनेलवर आणि उजेड मागच्या दिव्यांत, अशी फारकत झाली. पुढे त्या दिव्यांची जागा एलईडीने घेतली. प्रत्येक पिढीबरोबर दुरुस्तीची हत्यारे, सुटे भाग आणि कमाई बदलली. उजेड कुठे अडला हे शोधण्याची रीत मात्र तीच राहिली, आणि ती छापील पुस्तकांपेक्षा लहान गावांतल्या मेकॅनिकांच्या बाकांवर अधिक तयार झाली.

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले तळेगाव (श्यामजी पंत) हे अशा धंद्याला पोषक ठरणाऱ्या गावांचे चांगले उदाहरण आहे. ते नागपूर–अमरावती महामार्गावर आहे. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणून ओळखला जाई, आता त्याचा क्रमांक ५३ आहे. नागपूरहून निघाल्यावर कोंढाळी, मग कारंजा (घाडगे) आणि त्यानंतर तळेगाव लागते. पुढे तिवसा ओलांडून रस्ता अमरावतीला पोहोचतो. तळेगावातून एक फाटा आर्वीकडे जातो, एक आष्टीकडे. गावात एसटीचे आगार आहे. रेल्वे मात्र इथवर आली नाही. पुलगावहून निघणारी अरुंद रुळांची गाडी आर्वीलाच थांबत असे. त्यामुळे सुटा भाग, जुना सेट किंवा शिकायला निघालेला मुलगा, साऱ्यांचा प्रवास रस्त्यानेच होई. एका बाजूला नागपूरच्या सीताबर्डीतली इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने आणि दुसऱ्या बाजूला आडगावांतून सेट घेऊन येणारे गिऱ्हाईक, या दोहोंच्या मध्ये अशा फाट्यावर दुरुस्तीचे दुकान टिकते. निव्वळ खेड्यात त्याला पुरेसे काम मिळत नाही आणि शहरात भाडे परवडत नाही.

या धंद्याची सुरुवात रेडिओपासून झाली. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर विदर्भातल्या बाजाराच्या गावांत रेडिओ दुरुस्त करणारे दिसू लागले. व्हॉल्व्हच्या रेडिओतून घुमणारा हूं-हूं आवाज यायला लागला की मेकॅनिक पहिला संशय वीजपुरवठ्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर घेई. या कंडेन्सरमध्ये ओलसर रसायन असते आणि उष्णतेने ते वर्षागणिक सुकत जाते. पुढे टीव्हीत, मग मॉनिटरमध्ये आणि त्यानंतर एलसीडीतही हाच भाग सर्वांत जास्त वेळा दगा देणार होता. रेडिओवर हात बसलेल्या मेकॅनिकला ही ओळख पुढच्या साऱ्या यंत्रांत उपयोगी पडली.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. विदर्भातल्या खेड्यांपर्यंत टीव्ही पोहोचायला मात्र पुढचे दशक उजाडावे लागले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आले, १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली. घराच्या कौलांवर उंच खांबाला अँटेना दिसू लागल्या. कृष्णधवल सेटची किंमत तेव्हा शेतकरी घराला सहज पेलणारी नव्हती, म्हणून एकदा घेतलेला सेट दहा-पंधरा वर्षे चालवायचा हे गृहीतच होते. तो अंधूक झाला तर टाकून देण्याचा विचार कोणी करत नसे.

पिक्चर ट्यूबचे काम समजले की तिचे अंधूक होणेही समजते. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये तयार केलेल्या नळीचे हे सुधारलेले रूप. ट्यूबच्या बारीक मानेत एक तापक असतो, तो बहुधा ६.३ व्होल्टवर चालतो. तापकाच्या उष्णतेने कॅथोड तापतो. कॅथोडवर बेरियम आणि स्ट्रॉन्शियम यांच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. पडद्याच्या बाजूला हजारो व्होल्टचा दाब देऊन हे इलेक्ट्रॉन ओढले जातात, ते आतल्या फॉस्फरवर आदळतात आणि तिथे उजेड पडतो. मोठ्या कृष्णधवल ट्यूबला पंधरा हजार व्होल्टच्या वर आणि रंगीत ट्यूबला वीस ते पंचवीस हजार व्होल्ट लागत. हा दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला मेकॅनिक ‘ईएचटी’ म्हणत.

कॅथोडवरचा लेप कायमचा नसतो. काही हजार तास चालल्यावर त्यातून इलेक्ट्रॉन कमी सुटू लागतात आणि ट्यूब कमजोर होते. तिची लक्षणे मेकॅनिकला सेट उघडण्याआधीच दिसत. चालू केल्यावर चित्र यायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागे आणि आलेले चित्र हळूहळू उजळत जाई. ब्राइटनेस वाढवला तर पांढरे भाग पांढरे न होता चंदेरी होऊन पसरत आणि माणसांच्या चेहऱ्यांवरची ठेवण पुसली जाई. रंगीत ट्यूबमध्ये तीन गन असतात. त्यांतली लाल गन कमजोर झाली की सारे चित्र निळसर-हिरवे दिसे. ही लक्षणे असतील तर बाकीच्या सर्किटवर वेळ घालवण्यात अर्थ नसे.

कमजोर ट्यूबवर बूस्टर हा एक उपाय होता. ट्यूब आणि तिचा सॉकेट यांच्यामध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून तापकाला थोडा अधिक दाब द्यायचा, म्हणजे कॅथोड जास्त तापून पुन्हा इलेक्ट्रॉन सोडू लागतो. दुसरी रीत होती कॅथोड तापवून त्याच्या पुढच्या ग्रिडवर क्षणभर जास्त दाब देण्याची. त्याने कॅथोडच्या पृष्ठभागावर साचलेला निकामी थर निघून जाई आणि खालचा ताजा लेप उघडा पडे. दोन्ही उपायांनी चित्र उजळे, पण ट्यूबचे उरलेले आयुष्य त्यातच खर्ची पडे. कधी काही महिने मिळत, कधी ट्यूब तिथेच जळे. नवी ट्यूब घेणे परवडणार नाही आणि लग्नसराई किंवा क्रिकेटची मालिका तोंडावर आली आहे, अशा घराला हे काही महिनेही मोलाचे असत. उपाय तात्पुरता आहे हे गिऱ्हाइकाला आधी सांगणारा मेकॅनिक पंचक्रोशीत नाव कमावी, आणि ते रास्तच होते.

अंधूक चित्राचे आणखी एक कारण सेटच्या बाहेर असे. विजेचा ठरलेला दाब २३० व्होल्ट. लांब वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावात तो संध्याकाळी बराच खाली येई. आष्टी, कारंजा, आर्वी हा संत्र्याच्या बागांचा आणि विहिरींवरच्या मोटारपंपांचा पट्टा आहे. पंप एकदम सुरू झाले की तारांतला दाब आणखी पडे. जुन्या सेटमध्ये वीजपुरवठा साध्या ट्रान्सफॉर्मरचा असल्यामुळे दाब उतरला की चित्र अंधूक तर होईच, शिवाय चारही कडांनी आत आक्रसे. आक्रसलेले चित्र दिसले की दोष ट्यूबचा नसून लाइनचा आहे हे अनुभवी मेकॅनिक ओळखे आणि सेट उघडण्याऐवजी स्टॅबिलायझर घ्यायला सांगे. नंतरच्या सेटमध्ये आणि संगणकाच्या मॉनिटरमध्ये एसएमपीएस हे नवे पुरवठा-सर्किट आले. ते कमी-जास्त दाबातही आतला पुरवठा सारखा ठेवते. त्यामुळे हे लक्षण नाहीसे झाले. दाबाच्या चढउताराचा मार मात्र थांबला नाही. तो आता एसएमपीएसच्या कंडेन्सरवर आणि ट्रान्झिस्टरवर पडू लागला.

संगणकाचे पडदे जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कार्यालयांतून आले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र १९७६ मध्ये स्थापन झाले आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे जाळे जिल्हाधिकारी कार्यालयांपर्यंत पसरले. सुरुवातीचे मॉनिटर एकरंगी असत, काळ्या पडद्यावर हिरवी किंवा पिवळसर अक्षरे. त्यांत अंधूकपणाचा एक वेगळाच प्रकार दिसे. दिवसभर तोच मेनू, तेच रकाने पडद्यावर राहिल्याने त्या जागचा फॉस्फर थकून जाई आणि मॉनिटर बंद असतानाही अक्षरांचा ठसा काचेवर वाचता येई. याला दुरुस्ती नव्हती. पडदा रिकामा असताना हलती चित्रे दाखवणारे स्क्रीनसेव्हर याच त्रासावर उपाय म्हणून निघाले.

खेड्यांपर्यंत संगणक नेण्याचा महाराष्ट्रातला पहिला मोठा प्रयोग १९९८ मध्ये वारणानगर परिसरात झाला. तिथल्या ७० गावांत सहकारी कारखान्याच्या आणि शेतीच्या कामासाठी संगणक केंद्रे उघडली. विदर्भातल्या लहान गावांत संगणक खऱ्या अर्थाने दिसू लागले ते एमएस-सीआयटीमुळे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने हा अभ्यासक्रम आणला. सरकारी नोकरीसाठी तो लागतो म्हटल्यावर तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांत प्रशिक्षण केंद्रे निघाली. या केंद्रांत दहा-वीस मॉनिटर सकाळपासून रात्रीपर्यंत चालत आणि एखादा अंधूक झाला तर एका विद्यार्थ्याची जागा रिकामी राही. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला मॉनिटरचे काम याच वाटेने मिळाले.

ट्यूब ओळखीची होती, पण भोवतालचे सर्किट नवे होते. टीव्हीत आडव्या रेषा सेकंदाला १५,६२५ वेळा ओढल्या जातात. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीए पद्धतीत हीच संख्या सुमारे ३१,५०० आहे. त्यामुळे टीव्हीची ईएचटी मॉनिटरला चालत नसे आणि मॉनिटरची टीव्हीला. शिवाय टीव्हीच्या डब्यात किंवा माहितीपुस्तिकेत सर्किटचा नकाशा मिळे, मॉनिटरबरोबर तो येत नसे. अशा वेळी एकाच जातीचा चालू मॉनिटर शेजारी ठेवून दोन्हींतले व्होल्टेज ताडून पाहणे हाच मार्ग उरे.

अंधूक मॉनिटर बाकावर आला की तपासणी एका क्रमाने होई, आणि तो क्रम फुकट जाणाऱ्या श्रमापासून वाचवणारा होता. आधी पडदा पुसायचा. उच्च दाबामुळे काच धूळ खेचून घेते आणि कापसाच्या हंगामात हवेतली बारीक रुईही तिला चिकटते. केवळ ओल्या फडक्याने उजळलेले मॉनिटर थोडे नव्हते. मग समोरची बटणे आणि केबल. व्हीजीए प्लगची एखादी पिन वाकली तर एक रंग गळतो आणि चित्र फिके वाटते. त्यानंतर मागचे झाकण काढून ईएचटीवरचा ‘स्क्रीन’ नावाचा खुंट हलकेच फिरवायचा. त्याने चित्र उजळले, तिरप्या परतीच्या रेषा न दिसता स्थिर राहिले, तर काम तिथेच संपले. खुंट बराच फिरवूनही उजेड येत नसेल तर उजेडाला आपोआप लगाम घालणाऱ्या सर्किटकडे वळायचे. त्यात मोठ्या ओहमचा एक रेझिस्टर असतो. वर्षानुवर्षे तापून त्याची किंमत वाढते, सर्किटची फसगत होते आणि ते विनाकारण उजेड दाबून धरते. काही पैशांच्या या रेझिस्टरपायी चांगल्या ट्यूब भंगारात गेल्या आहेत. हे सारे ठीक निघाले तरच शेवटी ट्यूबवर ठपका ठेवायचा.

या कामात जिवाला धोका होता. मॉनिटर बंद केल्यावरही ट्यूबची काच मोठ्या कंडेन्सरसारखा भार धरून ठेवते. ईएचटीची टोपी काढण्याआधी पेचकस ट्यूबभोवतीच्या उघड्या तारेला जोडून आणि त्याचे टोक टोपीखाली सरकवून भार उतरवावा लागे, आणि हे करताना दुसरा हात यंत्रापासून दूर ठेवायचा ही शिस्त उस्ताद शागिर्दाला पहिल्याच दिवशी लावत.

एलसीडी मॉनिटर खेड्यात यायला काळ लागला, पण आले ते वेगाने. माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरचे आयातशुल्क हटवण्याच्या जागतिक करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला होता आणि २००५ पर्यंत ते शुल्क शून्यावर आले. जगभर त्याच सुमारास ट्यूबचे मॉनिटर मागे पडत होते. ग्रामपंचायती ऑनलाइन करणारा राज्याचा ‘संग्राम’ प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला तोवर नवी खरेदी चपट्या पडद्यांचीच होत होती. दाखले, उतारे, नोंदी या साऱ्यांसाठी गावातला एक पडदा चालू असणे आवश्यक झाले. तो अंधूक झाला की पंचायतीसमोर माणसे खोळंबत.

एलसीडीतले द्रवस्फटिक स्वतः उजेड देत नाहीत. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख राइनिट्झर यांनी ते १८८८ मध्ये प्रथम नोंदवले. पडद्यावर त्यांचे काम एवढेच, की मागून येणारा उजेड कुठे अडवायचा आणि कुठे सोडायचा. ध्रुवक पत्रे आणि रंगांच्या गाळण्या ओलांडून मागच्या उजेडाचा जेमतेम विसावा हिस्सा डोळ्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून मागचा दिवा थोडाही उतरला की ते लगेच जाणवते, आणि दिवा पूर्ण गेला तरी चित्र पॅनेलवर तयार होतच राहते. यातूनच एलसीडीची सर्वांत उपयोगी तपासणी निघाली. पडदा काळा दिसत असताना त्यावर तिरकस टॉर्च मारायचा. अगदी फिके का होईना, चिन्हे आणि खिडक्या दिसल्या तर पॅनेल ठीक आहे, संगणक ठीक आहे, केबल ठीक आहे. दोष फक्त मागच्या उजेडात आहे. या एका तपासणीने निम्मे यंत्र संशयातून मुक्त होते.

मागचा उजेड पहिल्या पिढीत बारीक काचेच्या नळ्यांचा होता. त्यांना सीसीएफएल म्हणतात, त्या ट्यूबलाइटच्याच कुळातल्या. लहान मॉनिटरमध्ये दोन आणि मोठ्यात बहुधा चार नळ्या असत. त्या पेटवायला हजार-दीड हजार व्होल्ट आणि चालू ठेवायला साधारण सहाशे ते आठशे व्होल्ट लागत. हा दाब तयार करणारी पट्टी म्हणजे इन्व्हर्टर. घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी तिचा संबंध नाही. एखाद्या नळीत वा ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघाड जाणवला की इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. म्हणून ‘पडदा दोन सेकंद उजळतो आणि विझतो’ ही तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले की मेकॅनिक थेट या पट्टीकडे जाई.

तिथे तो आधी मल्टिमीटरने तीन जागा मोजतो. इन्व्हर्टरला मिळणारा पुरवठा, साधारण बारा व्होल्ट किंवा त्याहून थोडा अधिक. मग ‘चालू हो’ असा इशारा देणारी पिन. आणि उजेड कमी-जास्त करणारी पिन. इशारा येत असून उजेड नाही, तर दोष पुढे आहे. पुरवठाच कमी आहे, तर दोष मागे आहे. ट्रान्सफॉर्मर दोन असतील तर त्यांच्या दुय्यम वेटोळ्यांचा रोध ताडून पाहतात. दोन्ही वाचने सारखी हवीत. एकावर मीटर काहीच दाखवत नसेल तर ते वेटोळे तुटलेले आहे. नळी म्हातारी झाली तर ती टोकांना काळी पडते आणि पडद्यावर लालसर छटा येते. तिची जागा दुसरी नळी घेऊ शकते, पण ती अलगद सरकवताना तुटण्याची भीती मोठी. पुढे बाजारात कुठल्याही मॉनिटरला बसणारे इन्व्हर्टर आणि नळीऐवजी घालायच्या एलईडी पट्ट्यांचे संच मिळू लागले, तेव्हा हे काम बरेच सोपे झाले.

तरीही एलसीडी अंधूक होण्याचे सर्वांत मोठे कारण जुनेच निघाले, कंडेन्सर. १९९९ नंतरच्या काही वर्षांत तैवानमध्ये तयार झालेल्या अनेक इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधले रसायन सदोष होते. त्यातून हायड्रोजन वायू सुटे, डोके फुगे आणि कधी तळातून तपकिरी द्राव गळे. अशा कंडेन्सरचा पुरवठा रिकामा मोजला तर बरोबर दिसतो आणि दिव्यांचा भार पडला की कोसळतो. केवळ मीटरवर विसंबून राहणारा इथे फसतो. नजर आधी फुगलेल्या डोक्यांवर जायला हवी. थंडीत हे दुखणे वाढते, कारण थंड कंडेन्सरचा आतला रोध जास्त असतो. हिवाळ्यातल्या सकाळी मॉनिटर पुन्हा पुन्हा बंद पडतो आणि दुपारी सुरळीत चालतो, अशी तक्रार आली की जाणकाराला यंत्र न उघडताच दोष कळतो.

विदर्भाच्या उन्हाळ्याचा यात मोठा वाटा आहे. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत त्याहून वर. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य दर दहा अंश वाढीला सुमारे निम्मे होते. १०५ अंशांवर २,००० तास चालेल असे छापलेला कंडेन्सर ६५ अंशांवर ठेवला तर साधारण ३२,००० तास चालतो, ७५ वर १६,००० आणि ८५ वर ८,०००. मॉनिटरच्या बंद डब्यात आतले तापमान खोलीपेक्षा बरेच चढलेले असते. म्हणजे वातानुकूलित कार्यालयात दहा वर्षे चालणारा पुरवठा इथल्या खोलीत दोन-तीन वर्षांत अंधुकतो, यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत दिवसातून अनेकदा वीज जाई-येई आणि प्रत्येक वेळी एसएमपीएसवर चालू होतानाचा झटका बसे. काही रुपयांचे दोन-चार कंडेन्सर बदलून उजळलेले मॉनिटर हा त्या काळातल्या दुकानांचा रोजचा घास होता. चांगला मेकॅनिक छापलेल्या व्होल्टपेक्षा वरच्या पायरीचा आणि १०५ अंशांचाच कंडेन्सर लावी. हवेचे हिशेब त्याने पुस्तकातून घेतले नव्हते, परत आलेल्या यंत्रांवरून घेतले होते.

एलईडी बॅकलाइटचे मॉनिटर २०१० च्या आसपास सर्रास दिसू लागले. नळ्या, पारा आणि हजार व्होल्टचा इन्व्हर्टर गेला. आता कडेला पांढऱ्या एलईडींची पट्टी असते. प्रत्येक एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात आणि त्या माळेत जोडलेल्या असतात. एक तुटली की अख्खी माळ विझते. माळा दोन-तीन असल्या तर पडद्याचा एक भाग अंधारतो किंवा सारा पडदा फिका पडतो. तपासणीसाठी दुकानांत एलईडी टेस्टर आला. तो ठरलेला प्रवाह देऊन दाब स्वतः जुळवतो आणि कुठली माळ मेली ते लगेच दाखवतो. काम हलके झाले, पण पॅनेल उघडणे अवघड. आतले विखुरक पत्रे एकावर एक, धुळीचा कण न शिरू देता, त्याच क्रमाने परत बसवावे लागतात. काच पातळ झाल्याने ती तडकली तर दुरुस्तीपेक्षा नुकसान मोठे होते. म्हणून कित्येक दुकानांनी हे काम सोडून मोबाइल दुरुस्ती धरली. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा स्वतंत्र विषय होता, तोही पुढे इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यापक अभ्यासक्रमात मिसळला.

उरलेला प्रश्न टाकलेल्या पडद्यांचा आहे. रंगीत ट्यूबच्या मागच्या नरसाळ्याच्या काचेत शिशाच्या ऑक्साइडचे प्रमाण पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक असते आणि प्रत्येक सीसीएफएल नळीत काही मिलिग्रॅम पारा असतो. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, त्यांच्या जागी २०१६ चे आले आणि १ एप्रिल २०२३ पासून २०२२ चे नियम अमलात आहेत. या नियमांत उत्पादक, नूतनीकरण करणारे आणि पुनर्चक्रण करणारे यांना नोंदणी बंधनकारक आहे. सूक्ष्म उद्योग मात्र कक्षेबाहेर ठेवले आहेत. त्यामुळे महामार्गावरच्या फाट्यावरचे एका माणसाचे दुकान नियमांच्या जाचातून सुटते, तसेच नकाशे, प्रशिक्षण आणि संकलनाच्या सोयींतूनही सुटते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ सुरू केले आहे. कंपन्यांनी त्यावर मॉनिटरचे सर्किट नकाशे मराठीत समजतील अशा खुणांसह द्यावेत आणि तालुक्याच्या ठिकाणी शिसे-पारा असलेले पडदे स्वीकारणारे केंद्र असावे, या दोन मागण्या जिल्हा प्रशासनाने आणि ग्राहक संघटनांनी लावून धरायला हव्यात. तोवर ज्यांच्याकडे अंधूक एलसीडी मॉनिटर पडला आहे त्यांनी तो भंगारवाल्याला देण्याआधी अंधाऱ्या खोलीत चालू करून त्यावर टॉर्च मारून पाहावा. चित्र दिसले तर तो दुरुस्त होण्याजोगा आहे.